मिरगाआधीचा बॅकअप

गेटवे, म्हणजे घर-ऑफिसला इंटरनेटशी जोडणारा राउटरचा डबा, बंद पडला की तो दुरुस्त करायला लागणारी प्रत्येक गोष्ट नेमकी त्याच्याच पलीकडे राहते. फर्मवेअरची, म्हणजे डब्याच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरची, फाइल कंपनीच्या साइटवर, रिकव्हरीच्या पायऱ्या कुठल्यातरी विकीवर, कनेक्शनचा युजरनेम-पासवर्ड जुन्या ईमेलमध्ये, आणि सेटिंगचा बॅकअप घेतला असेलच तर तो क्लाउडवर. लॅपटॉप बिघडला तर शेजारच्या लॅपटॉपवर उपाय शोधता येतो. गेटवे बिघडला की शोधायची सोयच जाते. ‘मोबाइलचं नेट आहे की’ हे उत्तर पणजीत एप्रिलमध्ये चालतं. वाळपईत जुलैच्या संध्याकाळी, दुपारपासून वीज नसताना आणि टॉवरची बॅटरी तळाला गेलेली असताना, त्या उत्तरावर दीडशे एमबीची फाइल उतरत नाही.

मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आत पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याचा साठा, भरायचा हा गोव्यातला जुना शिरस्ता. सुकी मासळी, सोलां (कोकम), मिरच्या, कडधान्यं, पापड. बाजारात मिळेनासं होईल ते आधीच घरात. गेटवेचा बॅकअप मला याच जातीचा वाटतो, आणि बहुतेक ठिकाणी तो फसतो तोही इथेच. पुरुमेंतात माणसं जिन्नस भरतात. बॅकअपच्या नावाखाली मात्र नुसती यादी भरलेली दिसते: सेटिंगची एक छोटी फाइल. ती फाइल ज्या फर्मवेअरवर चढवायची ते फर्मवेअर, आणि ते चढवायची साधनं, यातलं काहीच घरात नसतं.

राउटरच्या डब्याच्या आत काय असतं ते आधी बघू. घरगुती किंवा छोट्या ऑफिसच्या राउटरमध्ये वीज गेली तरी मजकूर जपणारी एक फ्लॅश चिप असते, बऱ्याच मॉडेलांत ८ किंवा १६ एमबीची नॉर जातीची, जरा वरच्या मॉडेलांत १२८ एमबीची नॅंड जातीची. तिचे तुकडे पाडलेले असतात. सुरुवातीला बूटलोडर, म्हणजे वीज मिळताच बाकीचं सॉफ्टवेअर सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, बहुधा यू-बूट. मग कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि मुख्य सॉफ्टवेअर. मग तुमची सेटिंग. आणि एका कोपऱ्यात अगदी छोटा एक विभाग, त्याचं नाव अथेरॉस चिपच्या राउटरांत ‘एआरटी’, मीडियाटेकच्या राउटरांत बहुधा ‘फॅक्टरी’. याच्याकडे कोणी बघत नाही आणि सगळ्यात मोलाचा तोच. कारखान्यात त्या एका डब्याच्या वाय-फाय रेडिओची जी मोजणी झाली तिचे आकडे यात असतात, बहुतेकदा मॅक पत्तेही, म्हणजे नेटवर्कवर डबा ओळखायचे आकडे. फर्मवेअर कंपनीच्या साइटवरून पुन्हा मिळतं, सेटिंग डोकं खाजवून पुन्हा भरता येते. हे आकडे मात्र त्याच डब्याचे असतात, जगात दुसरीकडे कुठेच नसतात. ते पुसले गेले की राउटर चालू होतो, लॅन (घरातलं केबलचं नेटवर्क) चालतं, पण वाय-फाय एकतर दिसत नाही नाहीतर दोन हातांवर तुटतं. लोक मग ॲंटेना बदलत बसतात.

ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवरचं मोफत फर्मवेअर चढवलेल्या राउटरवर हे आकडे वाचवणं दोन मिनिटांचं काम आहे. एसएसएचने, म्हणजे लॅपटॉपवरून कमांड देत, आत जायचं, ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘एमटीडी’ ही फाइल वाचायची, की सगळे विभाग क्रमांकासकट समोर येतात. हवा त्या क्रमांकाचा विभाग ‘डीडी’ कमांडने ‘टीएमपी’ फोल्डरमध्ये उतरवायचा. नॅंड चिप असेल तर ‘डीडी’ नको, ‘नॅंडडम्प’ वापरायचं. नॅंडमध्ये काही ब्लॉक जन्मतःच खराब असतात आणि ‘डीडी’ला त्यांची जाण नसते. एक सावधगिरी: ‘टीएमपी’ म्हणजे रॅम. राउटर रीबूट झाला की तिथलं सगळं गेलं, त्यामुळे फाइल लगेच लॅपटॉपवर ओढायची. आणि इथेच नव्या लॅपटॉपवर ‘एसएफटीपी-सर्व्हर सापडला नाही’ अशी तक्रार येते. लॅपटॉपवरच्या ओपनएसएसएचने २०२२ साली, आवृत्ती ९.० पासून, फाइल ओढायच्या ‘एससीपी’ कमांडच्या पोटात एसएफटीपी ही पद्धत घातली आणि राउटरवरच्या ड्रॉपबेअर या छोट्या एसएसएच सर्व्हरकडे ती नसते. कमांडला मोठा ओ हा पर्याय जोडला की जुन्या पद्धतीने काम होतं. एवढ्याशा गोष्टीपायी बॅकअप उद्यावर जातो.

सेटिंगचा बॅकअप त्याच राउटरवर ‘सिसअपग्रेड’ कमांडला छोटा बी हा पर्याय देऊन निघतो, किंवा वेबपानावरच्या बटणाने. त्याआधी छोटा एल देऊन नेमक्या कोणत्या फाइली जाणार आहेत ते बघावं, कारण अंदाज इथे हमखास चुकतो. ‘ईटीसी’ फोल्डरातली कॉन्फिग जाते, पासवर्डची फाइल जाते. ‘रूट’ फोल्डरात ठेवलेली तुमची स्क्रिप्ट जात नाही. ती हवी असेल तर तिचा पत्ता ‘सिसअपग्रेड.कॉन्फ’मध्ये स्वतःच्या हाताने लिहावा लागतो. वरून चढवलेली पॅकेजं (जादा प्रोग्रॅम) तर नाहीतच. त्यांची फक्त सेटिंग जाते. वायरगार्ड या व्हीपीएनची सेटिंग परत आली आणि वायरगार्डच नाही, असा राउटर मग शांतपणे चालू होतो, कुठेही लाल दिवा न लावता. छोटा के हा पर्याय पॅकेजांची नावं बॅकअपमध्ये घालतो. पण ती नावं बघून पॅकेजं आणायची कुठून? पुन्हा तोच बंद दरवाजा. म्हणून पॅकेजांच्या फाइली, निदान ज्यांच्यावाचून नेट सुरूच होणार नाही त्यांच्या, पेनड्राइव्हवर फर्मवेअरशेजारी हव्यात. त्याहून बरा मार्ग म्हणजे ती पॅकेजं आतच घालून स्वतःची इमेज (फर्मवेअरची तयार फाइल) बनवून ठेवणं. ओपनडब्ल्यूआरटीचा फर्मवेअर सिलेक्टर ते काम ब्राउझरमध्ये करून देतो.

आवृत्तीचं भान सुटलं तर हाच बॅकअप अंगावर येतो. २०२१ मध्ये आलेल्या ओपनडब्ल्यूआरटी २१.०२ पासून अनेक मॉडेलांत स्विचच्या पोर्टांची मांडणीच बदलली, जुनी ‘एसडब्ल्यूकॉन्फिग’ पद्धत जाऊन ‘डीएसए’ आलं. जुन्या आवृत्तीची नेटवर्क फाइल नव्यावर चढवली की लॅन पोर्टच सापडत नाहीत, आणि राउटर जिवंत असून कुठूनही आत जाता येत नाही. बॅकअपच्या फाइलनावात तारीख सगळेच घालतात. मॉडेल, हार्डवेअर आवृत्ती आणि फर्मवेअर आवृत्ती हे तिन्ही घालणारे थोडे. डब्याखालच्या स्टिकरवर ‘व्ही २’ आहे की ‘व्ही ३’, यात कधीकधी संपूर्ण वेगळी चिप असते. तारखेचा तर फारसा भरवसाच नाही: या डब्यांत बहुधा घड्याळाची बॅटरी नसते, नेट नसताना राउटर स्वतःच्या मनातली तारीख लावतो.

मायक्रोटिक कंपनीचे राउटर वापरणारे, आणि गोव्यात होमस्टेपासून केबलवाल्यापर्यंत ते भरपूर आहेत, एका वेगळ्या गोंधळात असतात. तिथे बॅकअप दोन प्रकारचे. एक बायनरी ‘.बॅकअप’ फाइल, दुसरी ‘एक्सपोर्ट’ने निघणारी साधी मजकूर फाइल, ‘.आरएससी’. पहिली त्याच डब्यासाठी. ती दुसऱ्या डब्यावर चढवली तर जुन्याचे मॅक पत्तेही त्याच्यासोबत येतात, आणि जुना डबा दुरुस्त होऊन त्याच नेटवर्कवर लागला की एकाच मॅकचे दोन धनी. मग कधी हा दिसतो, कधी तो. दुसरी फाइल वाचता येते, खुडता येते, वेगळ्या मॉडेलवर थोडी बदलून चालते. पण मायक्रोटिकच्या राउटर-ओएस ७ या फर्मवेअरमध्ये एक्सपोर्ट आपणहून पासवर्ड गाळतं. ‘शो-सेन्सिटिव्ह’ म्हटलं तरच पीपीपीओईचा, म्हणजे इंटरनेट कनेक्शनच्या लॉगिनचा, आणि वाय-फायचा पासवर्ड त्यात उतरतो. लॉगिनचे युजर आणि सर्टिफिकेटं तरीही येत नाहीत. दोन्ही घ्याव्यात हे उघड आहे.

आणखी एक खाच. १६ एमबी फ्लॅशच्या छोट्या मायक्रोटिकांत फाइलींच्या यादीत ‘फ्लॅश’ नावाचं फोल्डर दिसतं. त्या फोल्डरबाहेर ठेवलेली फाइल रॅममध्ये असते. बॅकअप घेतला, यादीत दिसला, समाधान झालं. रात्री वीज गेली आणि सकाळी यादी रिकामी. तसंही बॅकअप ज्या डब्याचा, त्याच डब्यात ठेवण्याला काय अर्थ आहे! नेटइन्स्टॉल, म्हणजे लॅपटॉपवरून केबलने राउटर-ओएस नव्याने चढवणं, करताना डब्यातल्या फाइलीही पुसल्या जातात.

नेटइन्स्टॉलची वेळ आली तर बोटाचा खेळ नीट जमायला हवा. रीसेटचं बटण दाबून धरून वीज द्यायची. दिवा लुकलुकायला लागल्यावर सोडलं तर सेटिंग पुसली जाते. अजून पाचेक सेकंद धरलं की दिवा स्थिर होतो, तेव्हा सोडलं तर डबा कॅप मोडमध्ये (दुसऱ्या कंट्रोलरच्या हुकमातला वाय-फाय डबा) जातो, आणि दिवा विझेपर्यंत धरलं तरच तो नेटइन्स्टॉलला शोधू लागतो. घाईत बहुतेक जण पहिल्या टप्प्यालाच बोट काढतात आणि जी सेटिंग कदाचित वाचली असती ती घालवून बसतात. केबल बहुधा पहिल्या इथर पोर्टला, लॅपटॉपचं वाय-फाय आणि फायरवॉल बंद, आणि डब्याच्या प्रोसेसरजोगी ‘.एनपीके’ फाइल आधीपासून हाताशी: एमआयपीएसबीई, एआरएम, एआरएम६४, जी असेल ती. चुकीची आणून ठेवली तर न आणल्यासारखीच.

गेटवे म्हणून पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हे राउटरचं सॉफ्टवेअर चालवणारा छोटा संगणक असेल तर काम सोपं, कारण सगळी सेटिंग ‘कॉन्फिग.एक्सएमएल’ या एका फाइलीत. इन्स्टॉल करताना ती पेनड्राइव्हवरून उचलता येते. ओपीएनसेन्समध्ये त्यासाठी बूट होताना इम्पोर्टर येतो, वेळेत एक कळ दाबायची. अडचण दोन जागी. नवा संगणक वेगळ्या लॅन चिपचा असेल तर जुन्या फाइलीतलं ‘आयजीबी०’ हे पोर्टाचं नाव इथे ‘आयजीसी०’ असतं, आणि इंटरफेस पुन्हा नेमून द्यावे लागतात; कोणतं पोर्ट वॅन (इंटरनेटकडचं), कोणतं लॅन, याची चिठ्ठी डब्याच्या अंगावरच चिकटवलेली बरी. दुसरी अडचण जास्त चिडवणारी. नेटगेट या पीएफसेन्सच्या कंपनीने त्यासाठी आणलेला नवा इन्स्टॉलर मूळ सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवतो. गेटवे चढवायला चालू नेट हवं! ज्याच्याकडे एकच कनेक्शन आहे आणि ते पीपीपीओई, व्हीलॅन अशा भानगडींचं आहे, त्याने याचा विचार मे महिन्यातच केलेला बरा. ओपीएनसेन्सची पूर्ण इमेज मात्र उतरवून ठेवता येते. निवड करताना वेग, फीचर यांची तुलना खूप होते. नेट नसताना हे पुन्हा चढवता येईल का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि माझ्या लेखी डिचोलीतल्या पतसंस्थेने किंवा फोंड्यातल्या देवस्थानाच्या कचेरीने पहिला विचारावा असा तोच आहे.

कंपनीच्याच फर्मवेअरवर चालणाऱ्या साध्या राउटरबद्दल थोडक्यात: बॅकअपचं बटण असतं, फाइल निघते, ती उघडून वाचता येत नाही, आणि बहुधा त्याच मॉडेलवर, कधी त्याच फर्मवेअर आवृत्तीवर चालते. म्हणून आत्ता जी आवृत्ती चालू आहे तिचीच फाइल सोबत ठेवा, नवीनतम नव्हे. आणि प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो. गावठी उपाय आहे, पण चालतो.

आता खरोखर बिघाड झाला असं धरू. दिवे लागतात, विझतात, पुन्हा लागतात. राउटर गोल गोल रीबूट होतोय. फर्मवेअर गेलं असं ठरवून लगेच फ्लॅश करायला, म्हणजे चिपवर फर्मवेअर नव्याने लिहायला, बसणं ही सगळ्यात महाग घाई. आधी ॲडॉप्टर बदलून बघा. १२ व्होल्टचा ॲडॉप्टर जुना झाला की आतला कपॅसिटर थकतो. मोकळा मोजला तर मीटरवर १२ दिसतात, पण वाय-फाय सुरू होऊन ओझं पडलं की व्होल्टेज कोसळतं आणि डबा पुन्हा पहिल्यापासून. गोव्यात वळवाच्या गडगडाटात आणि परतीच्या पावसात ॲडॉप्टर जास्त मरतात, शिवाय जांभ्याच्या जमिनीत चांगलं अर्थिंग मिळणं मुळातच जिकिरीचं. व्होल्टेज तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनीची जाडी आणि ध्रुवता तीच, असा दुसरा ॲडॉप्टर लावून दहा मिनिटं बघायचं. थकलेल्या ॲडॉप्टरवर फ्लॅश करायला घेतलं, मध्येच डबा बसला, तर नसलेला बिघाड आपल्या हाताने निर्माण होतो. फ्लॅश करताना राउटर आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर हवेत, आणि यूपीएसची बॅटरी जिवंत आहे का हेही त्याआधीच पाहिलेलं असावं.

दोन इमारतींमध्ये उघड्यावरून ओढलेली लॅन केबल असेल, घरापासून आउटहाउसपर्यंत, मंदिरापासून अग्रशाळेपर्यंत (भक्तनिवासापर्यंत), तर संशय तिच्यावर घ्या. जवळपास वीज पडली की तांब्याच्या त्या तारेत झटका उतरतो आणि पोर्ट जळतं. त्यावर सॉफ्टवेअरचा उपाय नाही. तिथे फायबर घालायला हवं.

ॲडॉप्टर ठीक, पोर्ट ठीक, तरी राउटर उठत नाही. ओपनडब्ल्यूआरटी असेल तर आधी फेलसेफ, म्हणजे अडचणीत आत शिरायची अवस्था. सुरू होताना दिवा भराभर लुकलुकायला लागला की एखादं बटण दाबायचं. मग राउटर तुमची सेटिंग बाजूला ठेवून मूळ न पुसता येणाऱ्या भागावरून उठतो. लॅपटॉपला स्थिर पत्ता द्यायचा, १९२.१६८.१.२, कारण या अवस्थेत राउटर आपणहून पत्ता वाटत नाही. मग १९२.१६८.१.१ ला एसएसएच, पासवर्डशिवाय. ‘माउंट_रूट’ दिलं की तुमच्या फाइली समोर येतात. एक चुकलेली ओळ दुरुस्त करून काम भागतं, सगळं पुसायची गरज अनेकदा पडतच नाही.

तेही जमलं नाही तर बूटलोडरकडे जायचं. अनेक टीपी-लिंक मॉडेलांत रीसेट दाबून सुरू केलं की राउटर १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरच्या संगणकाकडे टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने एका ठरावीक नावाची फाइल मागतो. नाव अक्षर न अक्षर तेच हवं, लहान-मोठी लिपीसुद्धा. विंडोज शेपटीचं ‘.बिन’ लपवतं आणि फाइल ‘.बिन.बिन’ होऊन बसते. फायरवॉलने टीएफटीपीचं यूडीपी ६९ हे पोर्ट अडवलेलं नसावं. इतकं सगळं बरोबर करूनही पुष्कळांना काहीच घडताना दिसत नाही, आणि त्याचं कारण फार साधं आहे. राउटरला वीज दिली त्या क्षणी लॅपटॉपचं लॅन पोर्ट जागं होतं, विंडोज दोन-चार सेकंद जुळवाजुळव करतं, आणि तेवढ्यात बूटलोडर फाइल मागून, उत्तर न मिळाल्याने पुढे निघून गेलेला असतो. मध्ये एखादा साधा पाच पोर्टचा स्विच ठेवायचा. लॅपटॉपचा दुवा स्विचशी कायम जागा राहतो आणि राउटरची पहिली हाक चुकत नाही. शे-दोनशेच्या जुन्या स्विचनेही भागतं. तो फेकून देऊ नका.

शेवटचा मार्ग सिरियल, म्हणजे राउटरच्या बोर्डावरच्या पिनांना थेट तारा जोडून बूटलोडरशी बोलणं. यूएसबी ते टीटीएल बोर्ड, सीपी२१०२ किंवा सीएच३४०, ३.३ व्होल्टवर लावलेला. तीन तारा: ग्राउंडला ग्राउंड, पाठवणारी घेणाऱ्याला, घेणारी पाठवणाऱ्याला. व्हीसीसीची चौथी तार लावायची नाही. राउटरला त्याचा स्वतःचा ॲडॉप्टर आहे. वेग बहुधा ११५२००. पडद्यावर अक्षरं धावायला लागली की बूटलोडर जिवंत आहे, आणि बूटलोडर जिवंत असेल तर जवळजवळ सगळं परत आणता येतं. मॉडेलची इनिटरॅमएफएस इमेज असेल तर ती आधी नुसती रॅममध्ये चालवून बघावी. फ्लॅशला हात न लावता डबा ठीक आहे की नाही ते कळतं.

हे सगळं एका पिशवीत मावतं. पेनड्राइव्ह दोन, वेगवेगळ्या कंपन्यांचे. कांदोळी-कळंगुटच्या बाजूला खारी हवा यूएसबीच्या पट्ट्या वर्षा-दोन वर्षांत काळ्या करते, म्हणून झिपची पिशवी आणि सिलिका जेल. आणि दर वर्षी फाइली नव्याने लिहून एसएचए२५६ (फाइल शाबूत आहे का ते सांगणारा आकडा) जुळवून बघणं. बॅकअपच्या फाइलीत वाय-फायचा, पीपीपीओईचा पासवर्ड आणि व्हीपीएनच्या खासगी चाव्या उघड्या असतात, तेव्हा ती कुलूपबंद हवी. सेव्हन-झिपचं एईएस एन्क्रिप्शन पुरेसं आहे. पण त्या कुलपाचा पासवर्ड ऑनलाइन व्हॉल्टमध्ये ठेवला की आपण पुन्हा दाराबाहेर. तो कागदावर, कपाटात. त्याच कागदावर इंटरनेट सेवादाराकडची माहिती: युजरनेम, व्हीलॅन क्रमांक, स्थिर आयपी असेल तर तो, आणि जुन्या राउटरच्या वॅन पोर्टचा मॅक. काही सेवादार कनेक्शन मॅकला बांधून ठेवतात. नवा डबा लावला, सगळं बरोबर भरलं, तरी पत्ता मिळत नाही. आणि चवथीच्या (गणपतीच्या) दिवसांत त्यांच्या कचेरीत फोन उचलायला कोणी नसतं.

मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी याची रंगीत तालीम करून बघावी. चालू राउटर बाजूला, त्याच मॉडेलचा जुना डबा समोर, लॅपटॉपचं वाय-फाय बंद, फोन दुसऱ्या खोलीत. पिशवीतल्या सामानावर गेटवे उभा करायचा. उभा राहिल्यावर क्रमाने बघायचं: आधी आकडी पत्त्याला पिंग, मग नावाला, मग प्रिंटरला त्याचा ठरलेला पत्ता मिळतोय का, मग कॅमेरा, व्हीपीएन, बाहेरून आत येणारं पोर्ट. जिथे जिथे फोन आणायला उठावंसं वाटेल तिथे पिशवीत काहीतरी कमी आहे. बऱ्याचदा ती कमी पहिल्याच पायरीला सापडते: नव्या लॅपटॉपला लॅनचं पोर्टच नसतं. यूएसबी ते लॅनचा तुकडा घ्यावा लागतो, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोज कधीकधी इंटरनेटवरून मागतं. तो ड्रायव्हरही पेनड्राइव्हवर टाका.